पडदा पाडायची खूण

कंट्रोल आणि एफ-नाइन या दोन कळा एकदम दाबल्या की प्रोग्राम पळतो, हे मोहाडीच्या त्या शाळेतल्या बारावीच्या पोरापोरींना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नुसतं सांगता नव्हे, गाऊन दाखवता आलं असतं. कारण रत्नमाला मेश्राम मॅडमनी त्यांना ते गाऊनच शिकवलं होतं.

रत्नमालाची आई दरवर्षी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जायची. लहानपणी तिच्या मागे मागे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलेल्या रत्नमालाने एक गोष्ट पाहून ठेवली होती. बाया गाणं म्हणतात तेव्हा भाताचे पऱ्हे कुठं लावायचे याचा विचार त्या करत नाहीत. गाणं पुढं जातं आणि हात आपोआप त्याच्या मागे जातो. पुढे ती संगणकाची शिक्षिका झाली. कळा पाठ करताना पोरं रडकुंडीला येतात हे तिने पाहिलं आणि सरळ रोवणीच्या चालीवर एक गाणं रचून टाकलं.

एफ-टू दाबा, जपून ठेवा,
कंट्रोल एफ-नाइन, पळवून पाहा,
ऑल्ट एफ-फाइव्ह, पडदा खोला,
उत्तर आलं का? आलं हो आलं!

शेवटच्या ‘आलं हो आलं’ला सगळा वर्ग टेबलावर थाप मारायचा. पहिले काही दिवस मुलं लाजली. रोवणीची चाल म्हणजे बायांची, असं त्यांचं म्हणणं. मग धनीराम नावाच्या पोराचा प्रोग्राम गाणं म्हणता म्हणता पहिल्यांदा चालला आणि तो खुर्चीवर उभा राहून ओरडला, “आलं हो आलं!” त्यानंतर लाजायचं कारणच उरलं नाही. शेजारच्या खोलीत इतिहास शिकवणाऱ्या सरांनाही ते गाणं पाठ झालं होतं.

असं सगळं छान चाललेलं असताना दिवाळीनंतर शाळेत नवे संगणक आले.

जुन्यांनी एकेक करून डोळे मिटलेच होते, त्यामुळे नव्यांचं स्वागत जोरात झालं. मुख्याध्यापक पुंडलिकराव सरांनी नारळ फोडला, शिपाई तुलारामने खोकी उघडली, पोरांनी थर्माकोलचे तुकडे दप्तरात भरून घेतले. रत्नमालाने पहिला संगणक सुरू केला आणि तिच्या लक्षात आलं की या यंत्रांमध्ये विंडोज नाहीच. लिनक्स आहे.

आता ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, तर घराची रीत. पाण्याचा माठ कुठं, चपला कुठं काढायच्या, कोणाला काय म्हणून हाक मारायची, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. आणि कंपायलर म्हणजे दुभाष्या. पोरांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत तो उतरवून देतो. पोरं ज्या निळ्या खिडकीच्या कंपायलरवर शिकली होती, तो दुभाष्या फार जुन्या घरात, डॉसच्या घरात वाढलेला. लिनक्सच्या घरात त्याला दारच सापडेना. रत्नमालाने त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, चारदा मारली. तो काही केल्या आत येईना.

लिनक्सचा स्वतःचा कंपायलर होता. पण तो नव्या शिस्तीचा. पाठ्यपुस्तकातला प्रोग्राम त्याला दाखवला की तो पहिल्याच ओळीपासून भांडायला उठायचा. ही फाईल नाही, ते असं लिहायचं नसतं, हे चालणार नाही. पोरं बिचारी पुस्तकात पाहायची, पडद्यावर पाहायची आणि मॅडमकडे पाहायची.

“मॅडम, पुस्तक खोटं आहे का जी?” दामिनी सेलोकरने विचारलं. दामिनी म्हणजे वर्गातली सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. तिचे प्रश्न संपले की तास संपला असं समजायचं.

“खोटं नाही,” रत्नमाला म्हणाली, “जुनं आहे.”

पण परीक्षा त्याच जुन्या पुस्तकावर होणार होती. फेब्रुवारीत बाहेरून परीक्षक येणार, निळ्या खिडकीत प्रोग्राम करून दाखवायला सांगणार. पुंडलिकराव सरांनी रत्नमालाला बोलावून घेतलं.

“मेश्राम मॅडम, यंत्रं चालली नाही तर आपल्या पोरांची परीक्षा दुसऱ्या केंद्रावर नेतील. भंडाऱ्याला.”

“हो सर.”

“अन् एकदा परीक्षा इथून गेली की विषयही जाते. पुढच्या वर्षी हा विषय आपल्या शाळेत राहत नाही. खोलीत मग खेळाचं सामान ठेवू, दुसरं काय.”

रत्नमालाने मान डोलावली आणि बाहेर आली. संगणकाच्या खोलीच्या दारात ती जरा वेळ उभी राहिली. आत धनीराम एकटाच बसून काळ्या पडद्यासमोर टेबलावर बोटांनी ठेका धरत होता. त्या खोलीत बॅडमिंटनच्या तुटक्या रॅकेटी आणि हवा गेलेले फुटबॉल तिच्या डोळ्यांसमोर आले. ‘नाही,’ ती स्वतःशीच म्हणाली, ‘असं नाही होऊ द्यायचं.’

तिचा धाकटा भाऊ विनोद नागपूरला शिकत होता. तिने त्याला फोन लावला.

“ताई, सोप्पं आहे ना!” विनोद म्हणाला. “डॉसबॉक्स टाक. मी त्याच्यावरच जुने गेम खेळतो. तो लिनक्सच्या आत खोटं खोटं डॉस उभं करते. तुझ्या कंपायलरले समजतच नाही का आपण परक्या घरी आलो.”

“खोटं खोटं म्हणजे?”

“म्हणजे तो काहीही मागू दे, डॉसबॉक्स ‘हो जी, हो जी’ करून मागते ते देते. अन् आतल्या आत ते काम लिनक्सकडून करून घेते.”

दुसऱ्या दिवशी पोरांच्या घोळक्यात बसून रत्नमालाने ते करून पाहिलं. आधी एक काळी खिडकी उघडली. तिला सांगावं लागलं की अमुक कप्प्याला तू तुझी सी ड्राइव्ह समज. खिडकी म्हणाली, बरं. मग रत्नमालाने कंपायलरचं नाव टाईप केलं, एंटर दाबलं, आणि काळ्या खिडकीच्या मधोमध तो ओळखीचा निळा रंग पसरला.

पोरांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून तुलाराम पाण्याची बादली हातात घेऊन धावत आला.

“काय जळून राहिलं?” त्याने विचारलं.

“काही नाही जळलं तुलारामभाऊ,” दामिनी म्हणाली, “पाहुणे आले!”

कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी नुसतंच उड्या मारत होतं. लिनक्सच्या घरात डॉस, डॉसच्या घरात कंपायलर, कंपायलरच्या घरात आपला प्रोग्राम! धनीरामला ते इतकं आवडलं की तो तेच तेच मोठ्याने म्हणत राहिला. रत्नमाला स्वतः हसत होती. आपण शिक्षिका आहोत, जरा गंभीर दिसावं, हे तिच्या लक्षात आलं, पण तोंड ऐकेना.

“पण मॅडम,” दामिनी म्हणाली, “त्याले खरंच माहीत नाही का, का हे लिनक्स आहे?”

रत्नमालाने विचार केला. “मंडईच्या जत्रेत नाटक पाहिलं आहे ना तू?”

“आता घ्या! माझा कैलाशकाका नाटकात पडदा ओढते.”

“मग ऐक. नाटक कुठं होते?”

“धान कापून झालं का बांधीतच स्टेज बांधतात.”

“आणि पडद्यावर काय रंगवलेलं असते?”

“महाल.”

“राजा आला का महालात आहो असंच वागते ना? त्याच्या मागे धानाची धसकटं आहेत, पुढे लोक शेंगा खाऊन राहिले, तरी तो आपला सिंहासनावर. ही खिडकी म्हणजे तो पडदा. आपला कंपायलर राजा. त्याले वाटते, आपण महालात आहो.”

“अन् लिनक्स म्हणजे बांधी!” धनीराम ओरडला.

“अन् आम्ही शेंगा खाणारे,” मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पुंडलिकराव सर आले. त्यांनी निळी खिडकी पाहिली, समाधानाने हुं केलं, मग जरा खाली वाकून म्हणाले, “मॅडम, माझा पुतण्या म्हणत होता का हे गेम खेळायचं सॉफ्टवेअर आहे.”

“आहे सर. पण आपण त्यावर अभ्यास खेळणार.”

सरांना हे कितपत पटलं ते कळलं नाही, पण ते “खेळा मग” म्हणून निघून गेले.

खिडकी पडदाभर मोठी करून सगळ्यांनी आपापल्या जागा घेतल्या. प्रत्येकाने एकेक प्रोग्राम टाईप केला. मग रत्नमालाने हात वर केला आणि वर्गाने गाणं सुरू केलं. इतक्या दिवसांनी निळी खिडकी पाहून सगळ्यांना असा हुरूप आला होता की पहिली ओळ कोणी ऐकलीच नाही; सगळ्यांची बोटं थेट दुसऱ्या ओळीवर.

“कंट्रोल एफ-नाइन, पळवून पाहा!”

आणि सगळ्या निळ्या खिडक्या एकदम नाहीशा झाल्या.

निळा गेला, डॉस गेलं, पोरांनी लिहिलेलं सगळं गेलं. सगळ्या पडद्यांवर लिनक्सचा जांभळा रंग शांतपणे पसरला, जणू काही झालंच नव्हतं.

मग धनीराम हळूच म्हणाला, “मॅडम, पळाला.”

रत्नमालाने पुन्हा खिडकी उघडली, पुन्हा दोन ओळी टाईप केल्या, पुन्हा त्या कळा दाबल्या. पुन्हा पळाला. तिने विनोदला फोन लावला, तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, “अगं ताई, डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ-नाइन म्हणजे खिडकी बंद! तुमच्या कंपायलरची पळवायची कळ तीच अन् याची बंद करायची कळ तीच. मेनूतून रन कर. ऑल्ट-आर दाब, मग एंटर.”

तोडगा सोपा होता. मेनूतून प्रोग्राम चांगला पळत होता. रत्नमालाने फळ्यावर लिहिलं, ‘कंट्रोल एफ-नाइन दाबायचं नाही’. पोरांनी वाचलं, माना हलवल्या आणि दाबलं. मुद्दाम नाही. बोटंच दाबायची. गाणं डोक्यात सुरू झालं की दुसऱ्या ओळीला हात तिकडे जायचाच. पुढचे कित्येक तास खोलीत हेच चाललं. कोणीतरी मन लावून टाईप करायचं, कोणीतरी ‘अगं बाई!’ म्हणायचं आणि एक जांभळा पडदा उगवायचा. एफ-नाइनवर कागद चिकटवून पाहिला. पोरं कागदावरूनच दाबायची. रत्नमालाने नवं गाणं रचलं, ‘ऑल्ट-आर दाबा, एंटर मारा’. पोरांनी ते मनापासून म्हटलं, आणि म्हणता म्हणता बोटांनी जुनंच केलं.

‘इतकं पक्कं शिकवायला नको होतं,’ रत्नमालाच्या मनात आलं. पण शिकवलेलं शिकवलं. ते आता पुसायचं कसं?

परीक्षा जवळ येत चालली. एके दुपारी पुन्हा धनीरामचा प्रोग्राम गेला आणि तो डोकं टेबलावर टेकवून बसला. रत्नमाला त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. “सगळं पुन्हा लिहू. मी सांगते, तू लिही.”

“मॅडम,” मागून दामिनीचा आवाज आला, “एक विचारू का?”

“विचार.”

“आमच्या कैलाशकाकाचं पण असंच झालं होतं.”

“कैलाशकाका संगणक चालवतो?”

“नाही जी, पडदा ओढते ना तो. एका नाटकात असं ठरलं होतं का हिरोनं ‘बस्स!’ म्हटलं का पडदा पाडायचा. शेवटच्या सीनमध्ये. पण हिरोले सवय होती, तो दुसऱ्याच सीनमध्ये हिरोईनीवर चिडला अन् म्हणाला, ‘बस्स!’ काकानं पडदा टाकला. हिरो बाहेर राहिला, हिरोईन आत राहिली. लोकं शिट्ट्या मारून राहिले. हिरो पडद्यात हात घालून वाट शोधून राहिला!”

वर्गात हशा पिकला. धनीरामनेही डोकं वर केलं.

“मग?” रत्नमालाने विचारलं. “मग काय केलं? हिरोला सांगितलं का, ‘बस्स’ म्हणू नको?”

“आता घ्या! हिरो केवढा मोठा माणूस. अन् त्याच्या तोंडात बसलेलं वाक्य कसं बदलवता? ते निघतेच. त्यांनी काकाची खूण बदलली. मग पुढच्या खेळापासून घंटी वाजली का पडदा.” दामिनीने रत्नमालाकडे पाहिलं. “मॅडम, आपल्या बोटाले काय कायले बदलवता? या डॉसबॉक्सची खूण बदलवता नाही येत का?”

रत्नमाला उठली, आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि शोधायला लागली.

खूण बदलता येत होती! कंट्रोल आणि एफ-वन दाबलं की कळांचा एक मोठा नकाशा उघडायचा. कुठली कळ काय काम करते ते त्यात होतं, आणि कळ हवी तशी बदलता येत होती. एका कोपऱ्यात ‘बंद करा’ या अर्थाचा चौकोन होता.

“सापडलं!” ती म्हणाली, आणि शिक्षिकेने गंभीर दिसावं हे पार विसरून तिनेच टेबलावर थाप मारली. “दामिनी, तुझ्या काकाला माझा नमस्कार सांग.”

“काकाले काय समजणार जी?”

“सगळं समजेल. सांग तू.”

पण बंद करायची नवी खूण कोणती ठेवायची? यावर बराच वाद झाला. धनीराम म्हणाला, ठेवूच नका. दामिनी म्हणाली, मग पडदा पडणार कसा, नाटक रात्रभर चालेल. शेवटी सगळ्यांनी कळफलकावर हात फिरवून शोधलं, आणि वरच्या कोपऱ्यातली एक कळ निवडली, जी मोहाडीत आजवर कोणी दाबली नव्हती आणि जिचं काम काय हेही कोणाला ठाऊक नव्हतं. कंट्रोलच्या जोडीला स्क्रोल लॉक.

“ज्याची त्याची खूण ज्याने त्याने बदलायची,” रत्नमालाने जाहीर केलं. ती प्रत्येकाच्या मागे उभी राहिली. इथं टिचकी मार, जुनी काढ, नवी घाल, जपून ठेव. शेवटच्या रांगेतला शेवटचा मुलगा झाला, तोवर शाळा सुटायची घंटा वाजली. कंट्रोल एफ-नाइन दाबलं की आता प्रोग्राम पळत होता, खिडकी नव्हे. पोरं घरी जाताना रस्ताभर ‘आलं हो आलं’ ओरडत गेली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले टेकचंद बिसेन सर. उंच, चष्म्यातून खाली पाहणारे, कमी बोलणारे. खोलीत येताच त्यांनी लिनक्सचा जांभळा पडदा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“यांच्यावर तो कंपायलर चालत नसतो,” ते म्हणाले.

“चालतो सर,” रत्नमाला म्हणाली.

“मी स्वतः पाहीन. एकदा जरी अडकला तर परीक्षा भंडाऱ्याला घेऊ. पोरांचं नुकसान नको.”

“हो हो, पाहा ना सर,” पुंडलिकराव सर पुढे झाले. पाहुण्याला चांगली जागा द्यायची, एवढंच त्यांच्या मनात. “इथं बसा. ही मॅडमची खुर्ची, पंख्याखाली आहे, गादीची आहे. तुलाराम, चहा आण!”

बिसेन सर मॅडमच्या खुर्चीत बसले. मॅडमच्या संगणकासमोर.

आणि तेव्हा रत्नमालाला आठवलं. ज्याची त्याची खूण ज्याने त्याने बदलली होती. तिने प्रत्येकाच्या मागे उभं राहून बदलून घेतली होती. तिच्या स्वतःच्या संगणकावर पोरांपैकी कोणी बसत नव्हतं. तिथली खूण जुनीच होती.

“सर, एक मिनिट, हा संगणक जरा...”

“मॅडम, सरांना पाहू द्या ना,” पुंडलिकराव सर हळू आवाजात म्हणाले आणि डोळ्यांनी तिला गप्प केलं.

बिसेन सर निळी खिडकी उघडून टाईप करायला लागले. साधा दोन ओळींचा प्रोग्राम नव्हे. पडद्यावर चांदण्यांचा मोठा त्रिकोण काढायचा, मग तो उलटा करायचा, असलं काहीतरी ते मन लावून लिहीत होते. चुकलं की मागे जायचे, पुन्हा लिहायचे. त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या. ओळीमागून ओळ निळ्या खिडकीत उतरत होती. रत्नमालाने दामिनीकडे पाहिलं. दामिनीने मॅडमच्या संगणकाकडे पाहिलं, मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत लख्ख उजेड पडला.

बिसेन सरांनी शेवटचा कंस टाकला. डावा हात कंट्रोलकडे गेला.

दामिनीने अगदी हळू आवाजात सुरू केलं, “एफ-टू दाबा...”

“...जपून ठेवा,” धनीरामने साथ दिली. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण गाणं सुरू झालं तर म्हणायचं असतं. मग तिसरा, मग चौथा, मग सगळा वर्ग. आणि गंमत अशी की पहिली ओळ संपली तरी कोणी दुसऱ्या ओळीकडे जाईना. दामिनीने पहिलीच ओळ पुन्हा धरली, सगळ्यांनी पुन्हा धरली. “एफ-टू दाबा, जपून ठेवा! एफ-टू दाबा, जपून ठेवा!”

बिसेन सरांचा हात थांबला. “हे काय आहे?”

“सर, आमचं पाठांतर,” रत्नमाला कशीबशी म्हणाली. “आमच्या वर्गात पहिली ओळ झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीकडे जात नाहीत.”

“रोवणीची चाल आहे ही,” बिसेन सर म्हणाले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, जरासे हसल्यासारखे झाले, एफ-टू दाबलं आणि फाईलला आपलं नाव दिलं. “घ्या. ठेवलं जपून. आता?”

आता दुसरी ओळ कोणी म्हणेना. पण ती ओळ बिसेन सरांच्या बोटांनाही येत होती. शेवटी त्यांनीही त्याच निळ्या खिडकीवर आयुष्यभर शिकवलं होतं. त्यांनी कंट्रोल एफ-नाइन दाबलं.

जांभळा.

पुंडलिकराव सरांनी चहाचा कप तसाच हातात धरून मॅडमकडे पाहिलं.

“गेला?” बिसेन सरांनी विचारलं. “माझा सगळा प्रोग्राम गेला?”

“नाही सर,” रत्नमाला पुढे आली. “राजा आत आहे. नुसता पडदा पडला.” तिने खिडकी उघडली, निळा रंग परत आणला, फाईल उघडली. बिसेन सरांचा चांदण्यांचा प्रोग्राम शेवटच्या कंसासकट जागच्या जागी होता. “चूक माझी आहे सर. सगळ्या यंत्रांवरची पडदा पाडायची खूण आम्ही बदलली, माझ्यावरची राहून गेली.”

“कसला पडदा? कसली खूण?”

रत्नमालाने दामिनीला खुणावलं. दामिनी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. महाल, बांधी, राजा, कैलाशकाका, हिरोचं ‘बस्स’. हिरो पडद्यात हात घालून वाट शोधतो तिथवर ती आली, तेव्हा बिसेन सरांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“मी अर्जुनी-मोरगावकडचा,” ते म्हणाले. “भंडारा जिल्हा फुटला तेव्हा गाव तिकडं गोंदियात गेलं, मी इकडं राहिलो. कॉलेजात असताना आमच्या गावच्या दंडारीच्या खेळात मी राणी व्हायचो.”

सगळे त्यांच्या मिशांकडे पाहू लागले.

“हसा, हसा. मीही हसून राहिलो ना. अन् एकदा तर माझं लुगडंच पडद्यात अडकलं होतं. पडदा वर गेला, अन् लुगड्याचा काठ पण वर गेला.”

आता जो हशा उसळला तो शेजारच्या इतिहासाच्या वर्गापर्यंत गेला. पुंडलिकराव सरांनी कप खाली ठेवला, कारण तो हातात ठेवणं आता धोक्याचं होतं.

हसणं ओसरल्यावर बिसेन सर पुन्हा पडद्याकडे वळले. सगळ्यांना आठवलं, ‘एकदा जरी अडकला तर’ असं ते म्हणाले होते.

“दाखव,” ते दामिनीला म्हणाले. “कुठं बदलतात ती खूण?”

दामिनीने नकाशा उघडून दिला. बिसेन सरांनी स्वतःच्या बोटाने जुनी खूण काढली, नवी घातली, जपून ठेवली. मग आपला प्रोग्राम उघडला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, “म्हणा आता. दुसरी ओळ म्हणा.”

“कंट्रोल एफ-नाइन, पळवून पाहा!”

“ऑल्ट एफ-फाइव्ह, पडदा खोला!”

काळ्या पडद्यावर चांदण्यांचा त्रिकोण उमटला आणि त्याखाली त्याच त्रिकोणाने कोलांटी मारलेली.

“उत्तर आलं का?” बिसेन सरांनी विचारलं.

टेबलांवर पडलेली थाप ऐकून तुलाराम पुन्हा बादली घेऊन आला.

“मेश्राम मॅडम,” बिसेन सर चहाचा कप उचलत म्हणाले, “हे अडकलं नाही. पडदा चुकीच्या वेळी पडला, नाटक चालूच होतं. परीक्षा इथंच होईल. अन् पुढच्या वर्षीही मलाच पाठवा म्हणून सांगतो मी.” मग पुंडलिकराव सरांकडे वळून, “ही खोली सांभाळा सर.”

“सांभाळतो ना! सांभाळतो,” पुंडलिकराव सर म्हणाले, आणि लगेच तुलारामला पंख्यांची धूळ पुसायला सांगितलं.

परीक्षा झाली. धनीरामचं एकदा अडलं, त्याने डोळे मिटून गाणं म्हटलं आणि ते सुटलं. दामिनीने लवकर संपवलं आणि उरलेल्या वेळात आपल्या प्रोग्रामलाच तीन प्रश्न विचारले. दुपारी बिसेन सर निघाले, तेव्हा फाटकापर्यंत सगळा वर्ग त्यांना सोडायला गेला.

परत आल्यावर खोलीत सगळे संगणक तसेच चालू होते. सगळ्या पडद्यांवर निळं.

“मॅडम,” दामिनी म्हणाली, “आता पाडू का?”

रत्नमालाने खोलीवर एकदा नजर फिरवली. टेबलं, तारा, फळ्यावरचं अर्धवट पुसलेलं ‘दाबायचं नाही’. मग ती आपल्या गादीच्या खुर्चीत बसली आणि तिनेही एक बोट कंट्रोलवर, एक बोट वरच्या कोपऱ्यातल्या त्या न दाबलेल्या कळेवर ठेवलं.

“घंटी वाजव,” ती धनीरामला म्हणाली.

धनीरामने तुलारामच्या बादलीवर पट्टी आपटली, आणि सगळे पडदे एकदम पडले. जांभळ्या उजेडात पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती, आणि मॅडम सगळ्यांत जोरात.